दस्त्याला लावलेलं डिंबेल

अरबाबने ती लांबट वळकटी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मला वाटलं, आत गालिचा असेल. त्याने घोंगडीचं एक टोक उचललं आणि आतून लोखंडी नळी दिसली. मी पहिलं काम काय केलं असेल तर धावत जाऊन दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. दुपारचे बारा वाजलेले, नईम भागातल्या आमच्या गल्लीत माणसांची वर्दळ, समोरच्या कॅफेटेरियात दोन पोलीस पराठे खात बसलेले, आणि माझ्यासारख्या परदेशी सुताराच्या टेबलावर बंदूक!

अरबाब म्हणजे आमचा मालक. आखातात मालकाला आम्ही सगळे अरबाबच म्हणतो. दुकान त्याच्या नावावर, लायसन्स त्याच्या नावावर, आणि माझा व्हिसा त्या दुकानावर. वय सत्तरीच्या पुढचं, जिदहफ्सला मोठं घर, वडिलांच्या वेळेपासून मुंबईशी व्यापार, त्यामुळे हिंदी बोलायचा. ते हिंदी ऐकून माझी मुलगी हसायची, पण मला त्यातला शब्दन् शब्द कळायचा.

"उस्ताद, डरता काहे को? कागज है. सब कागज है." त्याने खिशातून परवाना काढून माझ्यापुढे धरला. बंदुकीचा मागचा सरकता भाग, बोल्ट, त्याच्या घरी तिजोरीत होता. नळीसुद्धा कित्येक वर्षांपूर्वी आतून बंद करून घेतलेली. "ये अभी बंदूक नहीं. ये लकड़ी है. लकड़ी तुम्हारा काम."

मी "मफी मुश्किल", काही अडचण नाही, म्हणालो. त्याला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. बहरीनमध्ये मला बावीस वर्षं झाली होती. बायको इथे, मुलगी इथल्याच शाळेत बारावीला, परीक्षा दोन महिन्यांवर. अरबाबची मर्जी फिरली असती तर व्हिसा गेला असता, आणि तिघांनाही ऐन परीक्षेच्या तोंडावर गाशा गुंडाळावा लागला असता. तसा मी जन्माचाच भित्रा. अंगणात साप निघाला तर घरातल्या बायकांच्या आधी मी पलंगावर चढायचो. त्यात हे.

बंदूक त्याच्या वडिलांची. जुनी लष्करी रायफल. अशा रायफलीचं लाकूड नळीच्या खालून पार पुढे, तोंडाजवळपर्यंत गेलेलं असतं. ती वाळवंटात शिकारीला जड पडते म्हणून वडिलांनी पुढचं लाकूड करवतीने अर्ध्यावर कापून टाकलं होतं. पुढे कोणीतरी शहाण्याने मागच्या दस्त्याला चकचकीत व्हार्निश फासलं. आता अरबाबला ती मुळात होती तशी हवी होती. येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी त्याचे चुलतभाऊ, पुतणे, सगळं गणगोत घरी जमायचं होतं आणि त्यांच्यापुढे बापाची बंदूक अखंड ठेवायची होती.

त्याच्या मुलाने इंग्लंडमधल्या कोणा जुन्या बंदुकांच्या जाणकाराला फोटो पाठवून सल्ला मागितला होता. उत्तर दोन पानी आलं. मी ते घरी नेलं आणि मुलीला वाचायला दिलं. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीतच. तिने पानं वाचली आणि म्हणाली, "डॅड, इट बेसिकली सेज, डू नथिंग."

अगदी तसं नव्हतं, पण जवळजवळ तसंच. पॉलिश पेपर लावायचा नाही. लाकडावरचे सैन्याचे ठप्पे पुसट करायचे नाहीत. लोखंड घासायचं नाही. खड्डे आणि ओरखडे आहेत तसे ठेवायचे, कारण तेच तिचं वय. पुढचं लाकूड नवीन जोडायचं तर असं जोडायचं की उद्या कोणी काढायचं म्हटलं तर मूळ लाकडाला धक्का न लागता निघालं पाहिजे. रंग द्यायचा नाही. फक्त जवसाचं तेल, तेही पातळ, आणि मग वाट बघायची. या गोष्टी पाळल्या नाहीत तर जाणकाराच्या लेखी बंदुकीचं मोल मातीत.

आमच्या धंद्यात हे म्हणजे उलटी गंगा. माझ्याकडे आलेली पेटी असो की दरवाजा, मी पहिल्यांदा घासतो. गिऱ्हाइकाला वस्तू चमकलेली लागते. हात न लावता दुरुस्ती कशी करायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिले दोन दिवस मी नुसता त्या बंदुकीभोवती फिरत होतो. हातात रंधा घ्यायचा आणि परत ठेवून द्यायचा. एक चुकीचा हात फिरला की संपलं, हे डोक्यातून जाईना. टेबलाजवळ गेलं की तळव्यांना घाम फुटायचा, आणि मग भीती वाटायची की घामाचाच डाग पडेल.

शेवटी अल्लाचं नाव घेऊन सुरुवात केली. जुन्या सामानाच्या बाजारात एका मोडक्या कपाटाचा अक्रोडाचा पाय मिळाला. लाकूड म्हातारं, रेषा बंदुकीच्या लाकडाशी जुळणाऱ्या. त्यातून पुढचा तुकडा कोरायला चार दिवस लागले. नळी त्यात बसवून बघायची, काढायची, जिथे घासतं तिथे केसभर तासायचं, परत बसवायची. सांधा मी लोखंडी कडीखाली लपवला आणि तो सरेसने जोडला. सरेस कोमट पाण्याने सुटतो, म्हणजे जाणकाराची अट पाळली गेली. मागच्या दस्त्यावरचं व्हार्निश स्पिरिटच्या बोळ्याने, नखाएवढी जागा घेत घेत उतरवलं. ठप्पे जसेच्या तसे राहिले. खरं सांगतो, असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

पण रंग जुळेना. नवीन तुकडा फिका, आणि दस्त्यावर जिथे व्हार्निश होतं तिथे, नेमका जिथे नेम धरणारा गाल टेकतो तिथे, तळहाताएवढा पांढुरका पट्टा. जवसाचं तेल लावलं, फरक दिसला नाही. थंडीचे दिवस, हवेत दमटपणा, तेल मुरायलाच तयार नाही. शुक्रवार जवळ आला. रविवारी अरबाब येऊन बघून गेला, त्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि फक्त "ये?" म्हणाला. एवढ्याने माझी झोप उडाली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तसं झालं. दुकानाच्या माळ्यावर डिंबेलाची बाटली होती. डिंबेल म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल. आमचं गाव रत्नागिरीकडे खाडीच्या काठाला. माझे वडील, आजोबा होड्या बांधायचे आणि होडी पाण्यात घालायच्या आधी तिला डिंबेल पाजायचे. लाकडाला किडा लागत नाही, पाणी शिरत नाही, आणि रंग असा गडद चढतो की नवी फळी आणि जुनी फळी ओळखू येत नाही. वाळवी लागलेल्या चौकटींसाठी मी गावाहून येताना एक बाटली आणून ठेवायचो. रंग द्यायचा नाही असं कागदावर लिहिलं होतं. मी स्वतःची समजूत घातली की हा रंग नाही, तेल आहे. सोमवारी फडक्याच्या टोकाने पुढच्या तुकड्याला दिलं आणि गालाच्या पट्ट्यालाही दिलं. अर्ध्या तासात दोन्ही जागा बाकीच्या लाकडात मिसळून गेल्या. मी एकटाच दुकानात स्वतःला शाबासकी देत होतो.

डिंबेल अंगाला लागलं तर उततं. कातडी भाजते, फोड येतात, ते काळे पडतात. गावात होडीचं काम निघालं की बायका पोरांना घरात डांबून ठेवायच्या. माझे हात लहानपणापासून त्यात बुडालेले, मला काही होत नाही. गावी होडी मग आठ दिवस कडक उन्हात तापते आणि तेल लाकडात मरतं. इथे माझ्या दुकानात डिसेंबरची सावली होती आणि माझ्याकडे दोन दिवस. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. मला आठवलंच नाही. होडीला कोणी गाल लावत नाही, म्हणून आठवलं नाही.

बुधवारी अरबाब आला. लाकडावरून बोटं फिरवली, हाताला कोरडं लागत होतं. सांधा शोधत राहिला, सापडला नाही. मग त्याने बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि दस्त्यावर गाल ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिला. "मेरा बाप ऐसा खड़ा रहता था," म्हणाला. माझा ऊर भरून आला. त्याचा गाल कशावर टेकलाय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

शनिवारी दुपारी त्याचा ड्रायव्हर दुकानात एक खुर्ची पोचवायला आला. सहज म्हणाला, "अरबाब बीमार है. एक साइड का मुँह सूज गया. कान से लेके इधर तक फोड़ा फोड़ा. डॉक्टर बोला नागीन जैसा कुछ है."

माझ्या हातातली पटाशी खाली पडली. ड्रायव्हर म्हणाला, पायावर पडली असती. मी हसल्यासारखं केलं.

नागीण नव्हती. मला ते त्या क्षणी कळलं, तारीख-वार-वेळेसकट कळलं. मी तेव्हाच उठून जिदहफ्सला गेलो असतो तर ही हकीकत इथे संपली असती आणि मला ती सांगताना लाज वाटली नसती. मी काय केलं? ड्रायव्हरला चहा पाजला आणि म्हटलं, "अरबाबला सांग, बंदुकीला शेवटचा एक हात राहिलाय, आजच्या आज परत पाठव." म्हणजे गुपचूप तेल उतरवून टाकू, कोणाला कळायचं नाही. संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला. अरबाब म्हणतोय, राहू दे, फार चांगली झालीय, पाहुणे अजून येतायत, बैठकीत सोफ्यावरच ठेवलीय.

घरी जेवायला बसलो. घास फिरत होता. बायको समोर बसून बघत होती.

"काय झाला तुमाना? मासा गोड नाय लागत?"

"काय नाय."

"काय नाय कसा? दुपारपासना तोंड उतारलाय."

मुलगी आत पुस्तकं मांडून मोठ्याने पाठ करत होती. तिचा आवाज ऐकला आणि बायकोला हळूच सगळं सांगितलं. ती गावचीच, डिंबेल म्हटल्यावर तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "आताच्या आता जावा नि सांगा."

मी म्हटलं, आठ दिवसांत आपोआप बरं होतं. म्हटलं, डॉक्टर आहेत की. म्हटलं, सांगितलं आणि त्याने परत पाठवलं तर हिची परीक्षा? मी इतकी कारणं दिली की ती थकून उठली आणि भांडी घासायला लागली. रविवारी मी दुकान उघडलं आणि दिवसभर एकाच फळीला रंधा मारत बसलो. बाहेर गाडी थांबली की हातातला रंधाही थांबायचा. चोराच्या मनात चांदणं. समोरच्या कॅफेटेरियातले पोलीस माझ्याकडेच बघतायत असं वाटायचं. बिचारे पराठ्यांत गुंग होते.

सोमवारी सकाळी ड्रायव्हर खुर्ची न्यायला परत आला, या वेळी घाईत. "आज मेरे को टाइम नहीं. छोटी को हॉस्पिटल लेके जाना है." छोटी म्हणजे अरबाबची नात, पाच वर्षांची. शनिवारी दुपारी आजोबा सोफ्यावर बसले होते, मांडीवर बंदूक आडवी, आणि ती खेळून दमली ती दस्त्यावर गाल टेकून झोपून गेली. आता एक डोळा पूर्ण बंद होता. सूज इतकी की पापणी उघडत नव्हती. कशाने झालं ते डॉक्टरांना उमगत नव्हतं. आजोबांचंच काहीतरी तिला लागलं असावं, असं घरात सगळे म्हणत होते आणि अरबाब स्वतःला खोलीत कोंडून बसला होता, नातीजवळ जात नव्हता.

शनिवारी दुपारी. मी ड्रायव्हरला चहा पाजत होतो ती दुपार.

त्यानंतरची भीती वेगळी होती. आधीच्या सगळ्या भीत्या माझ्या स्वतःच्या होत्या, व्हिसाच्या, नोकरीच्या. या भीतीत मी नव्हतोच. फक्त एक बंद डोळा दिसत होता. मी माळ्यावरून बाटली काढली, पिशवीत घातली आणि ड्रायव्हरच्या गाडीत जाऊन बसलो. दुकानाला कुलूप लावलं की नाही ते आजही आठवत नाही.

अरबाबच्या खोलीचं दार मी वाजवलं. त्याने उघडलं. अर्धा चेहरा काळ्या खपल्यांनी भरलेला. मी पिशवीतून बाटली काढून त्याच्यापुढे धरली आणि म्हटलं, "अरबाब, बीमारी नहीं है. ये तेल है. मैंने लगाया बंदूक को. बच्ची के पास आपसे कुछ नहीं गया. मेरे से गया." हिंदीचं पार भजं झालं होतं, पण त्याला कळलं. त्याने माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं, नातीला उचलून घेतलं, आणि आम्ही सगळे त्याच गाडीतून हॉस्पिटलला गेलो.

तिथे मी डॉक्टरला बाटली दिली. काजू, टरफल, होडी, जे जे माहीत होतं ते सांगितलं. ते तिला आत घेऊन गेले. मी बाहेर बाकावर. अरबाब समोरच्या बाकावर. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक वेळी मी डोळे मिटत होतो. एकच दुआ करत होतो, व्हिसा घे, घर घे, मला उद्याच्या विमानात घाल, पण तो डोळा राहू दे. पाऊण तास झाला असेल. त्या पाऊण तासात मी जितका घाबरलो तितका त्याआधी आणि त्यानंतर कधी घाबरलो नाही.

डॉक्टर बाहेर आली. डोळा आतून शाबूत होता. पापणीला आणि गालाला उतलं होतं, आत काही गेलं नव्हतं. औषध बदललं की चार-सहा दिवसांत सूज उतरेल, म्हणाली. मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. लोक बघत होते, बघू देत.

अरबाब माझ्याजवळ आला. मला वाटलं आता खलास. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "उस्ताद, तुम को कब मालूम पड़ा?"

प्रश्न एवढाच. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्या खपल्यांकडे पाहिलं.

"आज," मी म्हटलं. "ड्रायव्हर बोला तब."

त्याने मान हलवली. मग आतून येणाऱ्या सुनेला अरबीत काहीतरी सांगितलं. मला अरबी तोडकंमोडकंच येतं, पण एवढं कळलं की तो म्हणतोय, हा माणूस सच्चा आहे, कळल्याबरोबर धावत आला.

नातीचा डोळा बरा झाला. माझ्या मुलीची परीक्षा झाली, ती आता कॉलेजात आहे. बंदुकीचा पुढचा तुकडा मी कोमट पाण्याने सोडवला आणि दुसरा करून दिला, त्याला नुसतं जवसाचं तेल, आणि रंग जुळायला वर्ष लागलं. दस्त्यावरचा पट्टा मात्र कायमचा. डिंबेल मुरलं ते मुरलं. जाणकाराने लिहिलं की सांध्याचं काम उत्तम, पण त्या डागाने बंदूक संग्रहाच्या दृष्टीने उतरली. अरबाबचा मुलगा चिडला होता. अरबाबने त्याला गप्प केलं. बंदूक बिघडली तर बिघडली, म्हणाला, माणूस तर कळला.

अजूनही कोणी पाहुणा दुकानात आला की तो माझी ओळख करून देतो, "ये उस्ताद झूठ नहीं बोलता." मी हातातलं काम बघत राहतो. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, हे फक्त माझ्या बायकोला माहीत आहे आणि ती त्याबद्दल कधी बोलत नाही. किती वेळा ठरवलं की आज सांगायचं, त्याच्या घरापर्यंत जाऊन परत आलो. शेवटी हे लिहून काढलं, मराठीत. त्याला मराठी वाचता येत नाही.